आधी वर्कशॉप, मग घर

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या न्यू होप गावाबाहेर, ॲक्विटाँग रोडवरच्या एका उतारावर, १९४६ साली लाकडाचं फर्निचर घडवणारे आर्किटेक्ट जॉर्ज नाकाशिमा यांनी बांधकामाला हात घातला. जमीन तीन एकर, म्हणजे आपल्या हिशेबानं १२० गुंठे. तीही रोख पैसे मोजून घेतलेली नव्हती. मालकासाठी अंगमेहनतीचं काम करून त्या बदल्यात मिळवलेली होती. सोबत बायको आणि चार वर्षांची मुलगी, डोक्यावर तंबू. अशा अवस्थेत कुणीही आधी चार भिंतींचं घर उभारेल. नाकाशिमांनी पहिल्यांदा वर्कशॉप उभं केलं आणि मग ते घराकडे वळले.

घराच्या आवारात स्वतःचं वर्कशॉप असावं असं मनात असलेले लोक पुष्कळ भेटतात. त्यांचं नियोजन बहुतेक वेळा यंत्रांच्या यादीपासून सुरू होतं: कटर कुठला, प्लेनर किती इंची, थ्री-फेज वीज मिळेल का. मग या यादीभोवती भिंती काढल्या जातात. नाकाशिमांच्या आवाराचा नकाशा समोर ठेवला की पहिली गोष्ट मोहवते ती ही, की त्याची सुरुवात यंत्रांपासून होत नाही. ती होते उन्हापासून, आणि पुढचा सगळा आराखडा लाकडाच्या प्रवासावर बेतलेला दिसतो. ओंडका फाडून आणला की तो कुठे विसावेल, किती वर्षं विसावेल, तिथून कुठल्या दारातून आत येईल, कुठे कापला जाईल, धुळीपासून दूर नेऊन कुठे तेल पिईल. एकेक प्रश्न आला आणि त्याला एकेक इमारत मिळाली. हे काम तीस वर्षं चाललं होतं, आणि तरीही त्या उतारावरची कुठलीच इमारत मागून चिकटवलेली वाटत नाही.

या माणसाची घडण थोडक्यात सांगायला हवी, कारण आवारातल्या प्रत्येक निर्णयामागे ती दिसते. जन्म १९०५ साली स्पोकेनचा. शिक्षणाची सुरुवात वनशास्त्रानं झाली, मग वास्तुकला, आणि १९३० मध्ये एमआयटीची पदव्युत्तर पदवी. पुढे टोकियोत आर्किटेक्ट अँटोनिन रेमंड यांच्या ऑफिसात नोकरी, आणि तिथून रेमंड यांचा जागेवरचा माणूस म्हणून थेट पाँडिचेरी, श्री अरविंद आश्रमाच्या गोलकोंड या वसतिगृहाच्या कामावर. नंतर ते अमेरिकेत परतले आणि दुसरं महायुद्ध तिथवर पोचलं. अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आलं. नाकाशिमा, त्यांची पत्नी मॅरियन आणि तान्ही मीरा आयडाहोच्या मिनिडोका छावणीत गेले. तिथे गेंतारो हिकोगावा नावाच्या, जपानी सुतारकामात मुरलेल्या कारागिराच्या हाताखाली, मिळेल त्या टाकाऊ लाकडावर, या उच्चशिक्षित आर्किटेक्टनं पुन्हा हात घडवला. १९४३ मध्ये रेमंड यांनी हमी घेऊन त्यांना न्यू होपच्या आपल्या शेतावर आणलं. म्हणजे १९४६ साली जमीन हाती आली तेव्हा नकाशा काढणारा आणि रंधा मारणारा हे दोघं एकाच देहात होते. वर्कशॉपच्या नियोजनात याहून मोठं भांडवल नाही.

आता उतार पाहू. जमीन दक्षिणेकडे उतरते. न्यू होप साधारण ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारचा सूर्यही क्षितिजापासून जेमतेम २६ अंश वर येतो. जूनमध्ये तोच सूर्य ७३ अंशांवर असतो. या दोन आकड्यांत सगळी इमारत लपलेली आहे. दक्षिणेला दहा फूट उंच काच लावा: कडाक्याच्या थंडीत ऊन थेट वीस फूट आत जाईल, जवळजवळ मागच्या भिंतीपर्यंत. उन्हाळ्यात तेच ऊन काचेपासून तीन फुटांच्या आत थांबेल, आणि छताची वळचण तीन फूट पुढे काढली असेल तर ते काचेला शिवणारसुद्धा नाही. म्हणजे कुठलाही पडदा न ओढता, कुठलंही बटण न दाबता, एकाच खिडकीनं हिवाळ्यात ऊब घ्यायची आणि उन्हाळ्यात सावली. उत्तरेची बाजू चढाची, म्हणून मागून येणाऱ्या गार वाऱ्याला टेकडीच पाठ देते. सुताराला याचं मोल दुहेरी आहे. थंडीत बोटं आखडली की पटाशी नीट चालत नाही, आणि सरस तर गारठ्यात धरतच नाही. जमीन निवडतानाच या दोन्हींची सोय पाहणं, यालाच मी नजर म्हणतो.

पण ही नजर किती पक्की होती हे कळायला पाँडिचेरीला जावं लागतं. गोलकोंडचं मूळ डिझाइन रेमंड यांचं. प्रत्यक्ष जागेवर राहून ते उभं करण्यात नाकाशिमांचा मोठा वाटा. भारतातल्या प्रबलित काँक्रीटच्या अगदी सुरुवातीच्या आधुनिक इमारतींपैकी ही एक. पैसा आला तो निजामाच्या हैदराबादहून, दिवाण सर अकबर हैदरींच्या पुढाकारानं, आणि म्हणून इमारतीच्या नावात गोवळकोंडा आला. तिच्या लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेला आहेत, आणि त्या बाजूंना भिंतच नाही. मजल्यामागून मजला नुसत्या आडव्या, फिरवता येणाऱ्या लूव्हरच्या पट्ट्या. काच नाही. खोली आणि कॉरिडॉर यांच्यामध्ये सागवानी सरकते दरवाजे, पण त्यांच्या पट्ट्या अशा एकावर एक चढवलेल्या की नजर अडते आणि वारा पार होतो. पायाखाली आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याचा तोच काळा कडप्पा, घासून चकाकवलेला आणि स्पर्शाला गार. छतावर वक्र आकाराची काँक्रीटची कवचं, खालच्या स्लॅबपासून थोडं अंतर राखून बसवलेली, म्हणजे दुपारचा ताप मधल्या हवेतच अडकतो.

आणि एक बारकावा, जो मला त्या सगळ्या इमारतीत सर्वांत प्रिय आहे. आश्रमातल्या लोकांनी आणि भक्तांनी दिलेली पितळी भांडी जागेवरच वितळवून त्यातून दारांची मूठ-कडी ओतली गेली. बांधकामाच्या आवारातच भट्टी होती, आणि राबणाऱ्यांत आश्रमाचे साधकही होते. काम करण्याची जागा, राहण्याची जागा आणि साधनेची जागा एकाच कुंपणात असू शकते, हे नाकाशिमांनी इथे रोज पाहिलं. या वास्तूसाठी त्यांनी फर्निचरही केलं. त्यांच्या हातचं ते पहिलंच म्हणता येईल. श्री अरविंदांनी त्यांना ‘सुंदरानंद’ हे नाव दिलं होतं.

१२ अंश अक्षांशावर काचेला पूर्ण रजा देणारी इमारत उभी करण्यात ज्याचा हात होता, त्यानंच ४० अंशांवर काचेची भिंत उभी केली. दोन्हीकडे इमारतीची तोंडं उत्तर-दक्षिण, दोन्हीकडे पहिला प्रश्न सूर्याचा, आणि उत्तरं मात्र एकमेकांच्या नेमकी उलट. स्वतःची शैली म्हणून एकच गोष्ट जगभर नेणारे आर्किटेक्ट आपण खूप पाहतो. इथे शैली मागे राहिली आणि विचार तेवढा बरोबर आला. पुण्यात किंवा नाशिकमध्ये कुणी नाकाशिमांचे फोटो पाहून दक्षिणेला काच लावली, तर तिथे उभं राहणं कठीण होईल, आणि नाकाशिमांचा धडा त्यानं अर्धाच घेतला असं होईल. पुण्यात डिसेंबरमधला दुपारचा सूर्यही ४८ अंशांवर असतो. आपल्याला ऊब नको, सावलीत भरपूर उजेड हवा. तो उत्तरेकडून येतो. रंधा मारलेल्या फळीवरची लाट त्या स्थिर उजेडात नीट दिसते.

१९४६ चं पहिलं वर्कशॉप हे आवारातलं सर्वांत साधं बांधकाम. पुढच्या इमारतींचे फोटो पुस्तकांतून छापले जातात, तेव्हा हे मागे पडतं. मला मात्र तिथे थांबावंसं वाटतं, कारण कामाच्या खोलीला शोभिवंत असण्याची गरज नसते, लांब असण्याची असते. साधा हिशेब करून पाहा. दहा फुटी फळी टेबल सॉवर लांबीत फाडायची तर करवतीच्या अलीकडे दहा फूट मोकळे लागतात आणि पलीकडे दहा. शिवाय माणसाला उभं राहायला जागा. म्हणजे यंत्र जेमतेम चार फुटांचं, आणि त्याचं अंगण पंचवीस फुटांचं. नवख्यांच्या नकाशात यंत्र दिसतं, अंगण दिसत नाही. म्हणून चौकोनी, नीटनेटक्या खोलीत चार यंत्रं बसतात आणि एकही फळी फिरत नाही. त्यातून नाकाशिमांचं लाकूड म्हणजे अमेरिकन काळ्या अक्रोडाचे अख्खे फाडलेले पाट, झाडाची मूळ कड तशीच राखलेले. असा पाट दोघांनी उचलून वळवायचा, तर दार, वळण आणि बेंचमधलं अंतर या तिन्हींचा विचार एकत्रच व्हावा लागतो.

लाकडाच्या कोठारांपाशी मात्र आपण सावकाश चालू, कारण या आवाराचा खरा गाभा तिथे आहे.

ओंडका गिरणीत फाडला जातो तेव्हा त्यातून निघणाऱ्या फळ्या सुट्ट्या विकणं ही बाजाराची रीत. नाकाशिमा एका ओंडक्याच्या सगळ्या फळ्या एकत्र ठेवत, आणि त्याही झाडात होत्या त्याच क्रमानं. खालची खाली, तिच्यावर तिची शेजारीण, असं करत वरच्या सालीपर्यंत. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये बारीक, सारख्या जाडीच्या पट्ट्या, एकीवर एक नेमक्या रेषेत. या पट्ट्या पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटतात. त्या एक इंच इकडेतिकडे झाल्या तर वरचं वजन तिरपं उतरतं आणि दोन वर्षांनी फळीला बाक येतो. पट्ट्यांमधून वारा सारखा फिरला की दोन्ही अंगांनी लाकूड सारखं सुकतं. टोकं मात्र बंद करावी लागतात, कारण लाकूड आडव्या अंगापेक्षा टोकाकडून फार वेगानं पाणी सोडतं आणि तिथेच तडकतं. जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष, हा हवेत सुकवण्याचा जुना हिशेब. म्हणजे तीन इंची पाट आज ठेवला तर टेबल तीन वर्षांनी. आणि तेवढ्यानंही भागत नाही. हिवाळ्यात तापवलेल्या अमेरिकन घरात हवा इतकी कोरडी असते की लाकडातला ओलावा सहा ते आठ टक्क्यांपर्यंत उतरवावा लागतो, त्यासाठी शेवटी भट्टी हवीच.

या हिशेबाचा नियोजनाशी काय संबंध? सगळाच. ज्याला लाकूड तीन वर्षं राखायचं आहे त्याच्या आवारात सर्वाधिक जागा यंत्रांना लागत नाही, वाट पाहण्याला लागते. नाकाशिमांच्या आवारात कोठारं एकापुढे एक वाढत गेली ती म्हणून. पण फळ्यांचा क्रम राखण्यामागे आणखी एक सुंदर कारण आहे. एकाच ओंडक्यातल्या लगतच्या दोन फळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या उघडून शेजारी ठेवल्या, की दोन्हींवरच्या रेषा एकमेकींचं प्रतिबिंब होतात. फळ्या विस्कळीत झाल्या की ही जोडी कायमची हरवते. टेबलाच्या मधोमध ती जोडी जुळवायची, आणि लाकडात भेग असेल तर ती न लपवता तिच्यावर डमरूच्या आकाराची लाकडी चावी आडवी बसवायची: भेगही दिसते, तिला थोपवून धरणारा हातही दिसतो. ही त्यांची ओळख बनलेली खूण. बघणारे टेबलावरची चावी पाहतात. पण त्या टेबलाचं अर्धं काम कोठारात, पट्टी सरळ रेषेत ठेवणाऱ्यानं, कित्येक वर्षं आधीच केलेलं असतं.

पॉलिशचं काम वेगळ्या इमारतीत, खुर्च्यांचं काम वेगळ्या इमारतीत. पहिल्याचं कारण सरळ आहे. तेलाचा हात मारला की तो सुकेपर्यंत हवेतला प्रत्येक कण त्यावर बसतो, आणि ज्या खोलीत दिवसभर करवत चालते तिथली हवा रात्रीसुद्धा स्वच्छ होत नाही. शिवाय तेलाच्या चिंध्या आणि भुसा एका छपराखाली असणं म्हणजे आगीला बोलावणं. एका मोठ्या शेडमध्ये पार्टिशन घालून हे भागवता आलं असतं. उतारावर मोकळी जागा असताना त्यांनी मधे गवत आणि झाडं ठेवली. खुर्च्यांचं कारण अधिक नाजूक. टेबलाचा पाट एकच असतो, खुर्चीला दांड्या अनेक, आणि प्रत्येक भोकाचा कोन वेगळा. त्या कामाचा ताल वेगळा, बेंच वेगळे, माणसं वेगळी. एकाच धंद्यातल्या दोन तालांना दोन छतं देणं, ही जाण मला कोणत्याही सजावटीपेक्षा श्रीमंत वाटते.

आणि आता तो स्टुडिओ, ज्यासाठी जगभरातून आर्किटेक्ट या उतारावर येतात.

कॉनॉइड स्टुडिओ १९५० च्या दशकाच्या अखेरीस बांधला गेला. भूमितीत कॉनॉइड म्हणजे असा पृष्ठभाग, ज्याच्या एका टोकाला वक्र असतो, दुसऱ्या टोकाला सरळ रेष, आणि मधलं सगळं अंतर सरळ रेषांनी विणलेलं असतं. नुसतं ऐकायला अवघड. पण सुताराच्या दृष्टीनं पाहा. काँक्रीट ओतण्याआधी त्याच्या आकाराचा लाकडी साचा करावा लागतो. घुमट करायचा तर साच्याची प्रत्येक फळी दोन्हीकडून वाकवावी लागते. कॉनॉइडमध्ये मात्र पृष्ठभागावर सरळ रेषा सापडतात, म्हणून सरळ फळीवर वक्र छत उभं राहतं. हा आकार निवडताना आर्किटेक्टच्या शेजारी सुतार बसलेला होता, हे ओळखायला याहून वेगळा पुरावा नको.

छताचा गाळा सुमारे ४० फुटांचा, आणि काँक्रीटची जाडी अडीच इंच. हे आकडे क्षणभर मनात घोळू द्या. आपल्या घरातल्या बारा फुटी खोलीवरचा स्लॅब साधारण पाच इंचांचा असतो. इथे अंतर तिपटीहून जास्त आणि जाडी निम्मी. मध्ये एकही खांब नाही. हे जमतं ते आकारामुळे. छत कमानीसारखं वाकलेलं आहेच, शिवाय त्याला लाटा आहेत. गोठ्यावरचा पन्हळी पत्रा आठवा: तोच पत्रा सपाट असता तर हातानं दुमडला असता, पन्हळींनी त्याला पाठीचा कणा दिला. या छताच्या लाटांनीही तेच केलं आहे. पॉल वाइडलिंगर आणि मारिओ साल्वादोरी यांच्यासारख्या नामवंत इंजिनिअरांची गणितात मदत होती. पण डोळ्यांना गणित दिसत नाही. समोर काचेची भिंत, आणि तिच्यावर एक लहरती कड, जिला जड म्हणायला मन धजत नाही. काँक्रीट हे ओझ्याचं द्रव्य. त्याच्या कडेला ही चाल देणं, आणि तेही कुठल्या सभागृहात नव्हे तर आपल्या आवारात, जिथे स्वतः बसून चित्रं काढायची त्या खोलीवर, याला मी धाडसापेक्षा प्रेम म्हणेन.

१९६७ च्या आर्ट्स बिल्डिंगमध्ये तोच धागा पुढे येतो, आणि द्रव्य बदलतं. तिचं छत हायपरबोलिक पॅराबोलॉइड, म्हणजे एका दिशेनं खोलगट आणि दुसऱ्या दिशेनं उंचवट्याचा पृष्ठभाग. गंमत अशी की याच्यावर सरळ रेषा एका नव्हे, दोन दिशांनी सापडतात. या वेळी काँक्रीट नाही, प्लायवूड. काँक्रीटसाठी आधी लाकडाचा साचा करून मग तो काढून टाकावा लागतो. इथे तेच लाकूड छत म्हणून राहिलं. इमारत मित्राच्या, चित्रकार बेन शान यांच्या कामाच्या प्रदर्शनासाठी मनात धरलेली, आणि तिच्या बाहेरच्या भिंतीवर शान यांच्या चित्रावरून केलेलं मोझेक आहे. शेजारच्या क्लॉइस्टर नावाच्या छोट्या इमारतीला ती झाकलेल्या वाटेनं जोडली आहे. दहा वर्षांच्या आत दोन प्रायोगिक छतं, दोन वेगळ्या द्रव्यांत, एकाच भूमितीच्या दोन सख्ख्या बहिणी. आणि तरीही दुसरीत पहिलीची नक्कल नाही.

या पातळ छतांबद्दल एक गोष्ट मोकळेपणानं म्हणायला हवी. अशी बांधकामं सांभाळणं कठीण असतं. पातळ काँक्रीटला चुकीची ओल परवडत नाही, प्लायवूडच्या सांध्यांत पाणी शिरलं की थर सुटतात. हे आवार २०१४ साली अमेरिकेचं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झालं, आणि त्याच वर्षी आर्ट्स बिल्डिंगच्या जतनासाठी गेटी फाउंडेशननं अनुदान दिलं, ते उगाच नाही. कोकणातल्या पावसात कुणी असं छत घालायचं म्हणेल तर मी त्याला हात जोडून कौलांकडे वळवीन. आपल्याकडे दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर साइड मार्जिन सोडून मागे जी पट्टी उरते, तिच्यात वर्कशॉप बसवायचं तर पहिला पैसा जोत्याच्या उंचीवर आणि वाळवीच्या बंदोबस्तावर जावा, दुसरा उत्तरेच्या खिडकीवर, आणि लाकडाचा थर भिंतीपासून वीतभर लांब राहील इतकी जागा चार महिन्यांच्या दमट हवेसाठी मोकळी सुटावी.

पण धोका कुठे पत्करला हेही पाहायला हवं, कारण इथे नियोजनाची सर्वांत सूक्ष्म जाण आहे. नाकाशिमांनी प्रयोग केला तो चित्रं काढण्याच्या स्टुडिओवर आणि प्रदर्शनाच्या दालनावर. रोजची करवत ज्या छपराखाली चालते ते पहिलं वर्कशॉप साधंच ठेवलं. प्रयोगाचं छत एखाद्या वर्षी गळलं तरी कामगारांचा दिवस बुडणार नाही, ऑर्डर थांबणार नाही, सुकत ठेवलेल्या लाकडाला थेंब लागणार नाही. हा माझा अन्वय आहे, त्यांनी तसं कुठे लिहून ठेवलं आहे असा दावा नाही. पण इमारतींची मांडणी स्वतःच हे बोलते. एरवी हौशी माणसाचा सगळा उत्साह पहिल्याच इमारतीत ओतला जातो आणि मग तीच धड चालत नाही. इथे आधी दहा वर्षं कामाची जागा स्थिरावली, आणि मग कल्पनेला मोकळं सोडलं.

त्या स्टुडिओनं फर्निचरलाही एक वळण दिलं. त्याचंच नाव घेऊन आलेली कॉनॉइड खुर्ची दोनच पायांवर उभी आहे. पाय मागे, त्यांच्यातून आसन पुढे हवेत झेपावलेलं, पुढे एकही पाय नाही. छतानं जे काँक्रीटमध्ये केलं ते इथे अक्रोडात झालं. ही खुर्ची पहिल्यांदा पाहणारा बसण्याआधी दचकतो, कारण आसनाच्या पुढच्या कडेखाली त्याची नजर पाय शोधते. बसल्यावर कळतं की भार उभ्या दांड्यांतून खाली उतरून जमिनीवरच्या दोन आडव्या पट्ट्यांत पसरतो, आणि त्या पट्ट्या पुढे आसनाच्या खालपर्यंत आलेल्या असतात, म्हणून तोल जात नाही. त्या पट्ट्यांचं दुसरं काम अमेरिकन घर मनात धरून योजलेलं: जाड गालिच्यावर चार पायांची खुर्ची रुतते, ही जेवणाच्या टेबलाजवळ ओढली की अलगद सरकते.